चूलबंद आवतन

माझ्या माहेरच्या घरात आता लोक पैसे देऊन राहायला येतात, हे सांगितलं की अकोल्यातल्या माझ्या शेजारणी आधी हसतात आणि मग फोटो मागतात. फोटो दाखवला की हसणं थांबतं. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागवानाचे काळेभोर खांब, वर माडी. ‘अगं, हे तर सिनेमातल्यासारखं आहे,’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि मला त्या वाक्याचा हमखास राग येतो. सिनेमातल्या घरात कुणी राहत नाही. आमच्या घरात माणसं राहतात, आणि अजून राहतात याचं सगळं श्रेय माझ्या वहिनीचं आहे. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, माझी मुलं याला साक्ष आहेत. पण या बाईचं करायला बसलेच आहे तर हातचं राखून करणार नाही.

चिखलीहून मेहकरकडे जाताना मधे एक फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. गावात आमच्या घराला नुसतं ‘माडी’ म्हणतात, कारण कित्येक वर्षं दुसरी माडीच नव्हती. आता स्लॅबच्या दुमजली इमारती झाल्या, पण माडीवर जाऊन येतो म्हटलं की आमच्याकडेच. माझ्या लहानपणी या घराचा खालचा भाग आमचा कमी आणि गावाचा जास्त होता. गावातल्या कुठल्याही मुलीचं लग्न असो, जानोसा आमच्याकडे. नवरदेवाकडची मंडळी बैलगाड्यांतून, पुढे पुढे ट्रकमधून येऊन उतरायची ती आमच्या बैठकीत आणि ओसरीवर. तिथेच त्यांची आंघोळ, तिथेच चहा, तिथूनच नवरदेव घोड्यावर बसायचा. मुलीचा बाप मोठा बागाईतदार आहे की दीड एकराचा धनी, याने काही फरक पडत नसे. आम्हा पोरींना लग्नापेक्षा जानोशाचं वेड जास्त. परक्या गावच्या बायकांची लुगडी, त्यांच्या पिशव्यांतले आरसे, त्यांचं बोलणं, सगळं आयतं घरात चालून यायचं.

उन्हाळ्यात तर घर म्हणजे बाजार. आमचं छप्पर धाब्याचं, म्हणजे लाकडी पाटांवर माती चोपून केलेलं सपाट. ज्या बाईचं अंगण लहान तिच्या कुरडया आमच्या धाब्यावर. कोणाची कुठली ओळ हे बायकांना बरोबर कळायचं आणि आम्ही कुठल्या ओळीतून ओल्या कुरडया पळवल्या हेही कळायचं.

वहिनी या घरात आली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. ती लोणारकडच्या बीबी गावची. सुरुवातीला तिच्या बोलण्यात जालन्याकडची झाक होती आणि आम्ही तिची नक्कल करून तिला रडकुंडीला आणायचो. आता ती आमच्यापेक्षा पक्की वऱ्हाडी बोलते आणि मी अकोल्याला राहून पुस्तकी झाले म्हणून माझी नक्कल करते. मी नणंद, म्हणून रीतीप्रमाणे मला ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणते. रागात आली की ‘तू’ म्हणते. तिचं ‘तू’ ऐकलं की मी गप्प बसते, आणि हे भाग्य फार थोड्या लोकांना लाभलंय.

गेल्या काही वर्षांत आसपासच्या गावांतली जुनी घरं एकेक करून उतरवली गेली. सागवान नेणारे व्यापारी फिरतात. खांब, तुळया, दारं, चौकटी सगळं ट्रकमध्ये भरून नेतात आणि म्हणे शहराबाहेरच्या रिसॉर्टांना विकतात. आमच्याकडेही एक आला. वहिनीने त्याला बसवलं, चहा दिला, खांबाला कवळ घालून जाडी बघू दिली. मग म्हणाली, “भाऊ, हे खांब तुम्ही घेऊन गेल्यावर वरची माडी कोण धरून उभं राहीन? तुम्ही राह्यता काय?” तो माणूस चहा अर्धा टाकून गेला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा बाजेवर बसून होता. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे व्यापारी का गेला हे त्याला संध्याकाळी समजलं आणि मग तो एकटाच बराच वेळ हसत बसला.

पण हसून घर उभं राहत नाही. धाबा गळत होता, माडीच्या एका कोपऱ्यातली तुळई वाळवीने खाल्ली होती. माझा भाचा, त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीत. तो आईवडिलांना तिकडे बोलावत होता. मुलगा वाईट नाही, उलट फार काळजी करणारा. त्याचं म्हणणं एवढंच की दोन म्हाताऱ्या माणसांनी एवढ्या मोठ्या घरात कशासाठी राहायचं. वहिनीने त्याला सांगितलं, दोन माणसांसाठी हे घर बांधलंच नव्हतं. ते दोन माणसांचं झालं हीच तर चूक.

तेव्हा भाच्याने डोकं चालवलं. लोणारचं सरोवर बघायला लोक येतात, सिंदखेडराजा बघायला येतात, आणि राहायला चांगली जागा शोधतात. त्याने संभाजीनगरहून एक आर्किटेक्ट मुलगी आणली. ठरलं असं की वरच्या माडीच्या खोल्या पाहुण्यांसाठी सजवायच्या, त्यांच्या पैशावर घराची देखभाल चालवायची, आणि खालची बैठक, ओसरी, चौक गावासाठी ठेवायचे. लग्नं, सभा, बायकांचं वाळवण, जे पूर्वी होत होतं ते. गावासाठी ठेवायची अट वहिनीची. भाच्यानेही स्वतःची अट घातली. एक हॉटेलवाला सगळं घर खालपासून वरपर्यंत भाड्याने मागत होता. भाचा म्हणाला, एक लगनसराई बघू. गाव लग्नकार्याला खालच्या बैठकीत आलं तर आई-बाबांनी इथेच राहावं, तो पुन्हा विषय काढणार नाही. बैठक रिकामी राहिली तर घर हॉटेलवाल्याला द्यायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं. वहिनी लगेच हो म्हणाली. गाव येणार नाही असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मग काम सुरू झालं आणि ते बघायला मी काही ना काही निमित्त काढून माहेरी जाऊ लागले. आर्किटेक्ट मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं की भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा काढावा लागेल, मातीच्या भिंतीला त्यात श्वास घेता येत नाही. तो गिलावा दादाने तरुणपणी मोठ्या हौसेने करून घेतलेला. खरवडायचं काम चालू होतं तितके दिवस दादा मारुतीच्या पारावर जाऊन बसला. जेवायलाही वहिनीला बोलवायला जावं लागायचं. पुढे जुन्या पद्धतीचा चुना मळला, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घातला, आणि नवा गिलावा चढल्यावर भिंतीवर हात फिरवला तर गार लागला. दादाने भिंतीवर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, “हे बरं हाय.” त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

वहिनी मात्र कामात शिरलीच. पदर खोचून पांढरी माती तुडवायला उतरली. धाब्यावर माती चोपताना बायकांच्या रांगेत बसली. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून रात्री तेल लावायची आणि सकाळी पुन्हा हजर. मी म्हटलं, वहिनी, मजूर आहेत ना. तर म्हणाली, “मजुराच्या हातानं झालेलं घर मले ओळखंल काय, बाई?” मी चपला काढल्या आणि मीही मातीत उतरले. पंधरा मिनिटांत कंबर धरली, ती गोष्ट वेगळी.

घर झालं. सुंदर झालं, हे मी मोकळ्या मनाने सांगते. खांब तेल पाजून चमकायला लागले, चौकात फरशी बसली, माडीच्या खिडक्यांतून वारा खेळू लागला. दिवाळीनंतर उद्घाटन ठरलं. आणि इथे आमच्या सगळ्यांच्या हातून ती गोष्ट झाली.

गावाला या दिवशी नेहमीपेक्षा जास्त मान द्यायचा असं भाच्याच्या मनात होतं. त्याने पुण्याहून पत्रिका छापून आणल्या. जाड कागद, वर सोनेरी रेघांनी काढलेली माडी, आत ‘सन्माननीय अतिथी’ आणि प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव सुंदर अक्षरात. वहिनीने पत्रिका हातात घेतली, कागदावरून बोट फिरवलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. आपल्या गावात अशी पत्रिका कोणाला कधी मिळाली नाही, म्हणाली. मांडववाल्याच्या माणसाने त्या घरोघरी वाटल्या.

त्या दिवशी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या, लाल गालिचा होता, तालुक्याचे साहेब आले होते. मागे अंगणात साऱ्या गावाला पुरेल असा स्वयंपाक. बट्ट्या, वरण, वांग्याची भाजी. वाढायला आमच्या गावची ती मंडळी, जी दरवर्षी हिवरा आश्रमाच्या मोठ्या पंगतीत वाढायला जाते. त्यांच्या हाताला आमचा स्वयंपाक म्हणजे किरकोळ. गाव आलं. म्हणजे पुरुष आले. घरटी एक. कडक इस्त्रीचे सदरे, डोक्यावर नव्या टोप्या. खुर्चीवर सरळ बसले, टाळ्या वाजवल्या, जेवले, भाच्याशी हात मिळवला आणि गेले. दुपारी उन्हं कलली तरी बायका येतील म्हणून वहिनी दाराकडे बघत होती. एक बाई आली नाही. एक मूल आलं नाही. बट्ट्यांचे डोंगर तसेच राहिले. शेवटी त्या टोपल्यांत भरून शाळेच्या वसतिगृहाला पाठवल्या. वहिनी म्हणाली, कपाशी वेचायचे दिवस आहेत, बायका शेतात असतील. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

थंडीत पाहुणे येऊ लागले. पुण्या-मुंबईची जोडपी, गळ्यात मोठे कॅमेरे अडकवलेले लोक, लोणारच्या दगडांचा अभ्यास करणारी कॉलेजची मुलं. सगळे खूष. एका मुलीने वहिनीला विचारलं, “काकू, एवढं जुनं घर, इथे भूत वगैरे आहे का?” वहिनीने बाजेकडे बोट दाखवलं. “हाय ना. दिवसभर चहा मांगते.” दादाला ऐकू आलं नाही, पण सगळे आपल्याकडे बघून हसताहेत म्हणून तोही हसला. भाच्याच्या फोनवर स्तुतीचे संदेश येत. वहिनी ते ऐकायची, बरं म्हणायची आणि खाली येऊन रिकामी बैठक झाडायची.

कारण गाव येत नव्हतं. तसं कुणी वाकडं बोलत नव्हतं, हेच तर अवघड होतं. रस्त्यात भेटले की लोक पूर्वीपेक्षा जास्त अदबीने बोलायचे. माडी छान झाली, म्हणायचे. एखादी बाई विरजण मागायला आली तर देवडीच्या बाहेर चपला काढून बाहेरच उभी राहायची. वहिनी “आत ये ना वं” म्हणायची आणि ती म्हणायची, नको बाई, पाय मातीचे आहेत. जन्मभर त्याच मातीच्या पायांनी ती आत येत होती.

लगनसराई सुरू झाली तेव्हा मी तिथेच होते. गावातलं मोसमातलं पहिलं लग्न. सकाळी मी आणि वहिनी ओसरीवर तूर निवडत होतो, आणि समोरच्या रस्त्याने लोक झोपायच्या बाजा, सतरंज्या आणि पाण्याचे ड्रम घेऊन शाळेकडे चालले होते. वहिनीने विचारलं, काय आहे शाळेत. नेणाऱ्याने चालता चालता सांगितलं, जानोसा. वहिनीचा हात सुपात तसाच राहिला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती तूर निवडत राहिली, आणि निवडलेली पुन्हा निवडू लागली. मला गावाचा असा संताप आला की मी सूप बाजूला टाकून उठलेच.

शेजारची बाई तिच्या दारात भाजीची पाटी उतरवत होती. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं गावाजवळच वांगी-मिरचीचं वावर आहे; दोन भिंती सोडून घर, वहिनीची लग्नापासूनची मैत्रीण. तिच्याही मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मी सरळ तिच्यावरच तोंड सोडलं. “तुम्ही सगळे काऊन येत नाही हो? एवढं केलं तिनं गावासाठी, एवढा स्वयंपाक रांधला, एक बाई फिरकली नाही.”

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. “आम्हाले कुठं आवतन होतं, ताई?”

“घरोघर पत्रिका वाटली की.”

“हाव, आली ना. यांच्या नावाची होती. ते जाऊन आले.” मग ती वहिनीकडे वळली. वहिनी माझ्या मागून येऊन उभी होती हे मला कळलंच नव्हतं. “आम्हाले वाटलं, आता मोठ्या लोकायची जागा झाली. त्यायच्यात आपण कायले घुसाचं. कार्डावर नाव असंल त्यानंच जाव.”

वहिनी घरी आली, खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, “मी घरात राहून आंधळी झाली.”

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवणाचं बोलावणं म्हणजे आवतन. ते घरातल्या एका माणसालाही देता येतं, जसं ब्राह्मणाला किंवा साहेबाला देतात. पण घर आपलं मानलं तर चूलबंद आवतन द्यायचं. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, बाळंतपणाला आलेली लेक, सालदार, अचानक टपकलेला पाहुणा, सगळे जेवायला. आणि हे आवतन कागदावर पाठवता येत नाही. घरच्या माणसाने उंबऱ्याशी उभं राहून तोंडाने सांगावं लागतं. आम्ही गावाला मान द्यायला गेलो आणि पाहुणा करून ठेवलं. सन्माननीय अतिथी एकदा येतो, हात मिळवतो, जातो.

भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बिचारा कळवळला. लगेच म्हणाला, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, सगळ्यांनी सहकुटुंब या म्हणून. वहिनी त्याला म्हणाली, “राहू दे रे बाप्पा. तू लई छापलं. आता मी तोंडानं सांगतो.” तिकडच्या बायका बोलताना ‘सांगतो’ म्हणतात, रागात ती अजून बीबीची होते.

दुसऱ्या दिवसापासून ती निघाली. मी बरोबर होते, सोबत कमी आणि कुरकुर करायला जास्त. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. गावाच्या एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक उंबऱ्याशी थांबायची आणि म्हणायची, “गुरुवारी चूलबंद आवतन हाय माडीवर. चूल पेटवाची नाही.” लोक विचारायचे, कशाचं आवतन? बारसं आहे, की जावळ? मी तिला वाटेत सुचवलं होतं, सत्यनारायण आहे म्हणावं. ती ऐकेल तर ना. प्रत्येक घरी तेच उत्तर, “घर उघडलं त्याचं. मांगं आमचं चुकलं. कार्ड वाटले, आवतन देल्लंच नाही.” ज्या घराने तिला पूर्वी कधी दुखावलं होतं तिथेही, ज्यांच्याशी बांधावरून दादाचं बोलणं बंद होतं तिथेही. त्या बांधवाल्या घरातली म्हातारी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “पाटलाच्या घरची सून दारात येऊन चुकलं म्हणते?” वहिनी म्हणाली, “चुकलं तं म्हणाव लागंल ना, मावशी. घरात बसून म्हटलं तं तुम्हाले आयकू कसं यीन?” आणि पाणी पिऊन पुढच्या दारी.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं. चूक कबूल करणारी माणसं मी फार कमी पाहिली, आणि दारोदार हिंडून कबूल करणारी एकच. त्या दिवशी तिच्यामागे चालताना माझी कुरकुर कुठे गेली मला कळलं नाही. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि ही बाई आपल्या घरात आली म्हणून आपल्या आईबापांचाही.

गुरुवारी बायका सकाळीच आल्या. आपापली लाटणी पदरात घेऊन आल्या, कारण चूलबंद म्हटलं की स्वयंपाकालाही हात लावायचा. कुणी देवडीत थांबली नाही. त्यांनी आल्या आल्या कामाचा ताबा घेतला, कणीक सैल झाली म्हणून आचाऱ्याला झापलं, वहिनीला उचलून बाजेवर बसवलं. दुपारी पंगती बसल्या त्या चौकात, ओसरीवर, बैठकीत, सगळीकडे. भाचा मुद्दाम पुण्याहून आला होता. त्याच्या तेल पाजलेल्या खांबांना पोरं वरणाचे हात पुसत होती आणि तो डोळे मिटून घेत होता. बांधवाला शेतकरी दादाच्या शेजारी जेवायला बसला. दोघं बोलले नाहीत, पण दादाने आपल्या पानातली बट्टी मोडून अर्धी त्याच्या पानात टाकली.

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण नाही. गाव जेवून गेलं, बायका येऊ-जाऊ लागल्या, पहिल्या कुरडया धाब्यावर चढल्या, आणि तरी जानोशाचं कुणी बोलेना. गावातली दोन लग्नं जानोशासकट चिखलीच्या मंगल कार्यालयात झाली. शेजारणीच्या मुलीचं, गावातलं मोसमातलं शेवटचं, लग्न जवळ येत होतं, आणि तेही चिखलीलाच आहे असं कुणीतरी सांगितलं. मी वहिनीला म्हटलं, तूच सांग ना तिला, आमच्याकडे करा म्हणून. तिने मान हलवली. मुलीच्या बापाला आपण होऊन जागा देऊ करणं म्हणजे तुझ्याकडे जागा नाही असं त्याला तोंडावर सांगणं. त्याने नारळ घेऊन यावं, विचारावं, मग आपण हो म्हणावं. असं तिचं म्हणणं. ती वाट बघत राहिली. भाचा सुट्टी घेऊन आला. त्याने शब्द मोडला नव्हता, उलट आईकडे बघून त्यालाच वाईट वाटत होतं. पण अट ती अट. “आई, लोकं जेवाले येतेत, चांगलं हाय. पण बैठक तं रिकामीच हाय ना?” तो म्हणाला. हॉटेलवाला दुसऱ्या दिवशी घर बघायला येणार होता. वहिनीने त्या संध्याकाळी कपाटातल्या साड्या काढून दोन ढीग केले, न्यायच्या आणि वाटून टाकायच्या. मी तिला मदत केली नाही. माझ्याने झाली नसती.

सकाळी आम्ही चहा घेत होतो. देवडीत मोटरसायकल थांबली आणि शेजारणीचा नवरा आत आला. हातात नारळ नव्हता. कपाळावर आठ्या होत्या. तो चौकात उभा राहिला आणि दाराशी ठेवलेल्या मोठ्या मातीच्या कुंड्यांकडे बोट करून म्हणाला, “बाई, ह्या कुंड्या इथं कोणी ठेवल्या? ट्रॅक्टर कसा वळंल आत?”

“कोणता ट्रॅक्टर?” वहिनी म्हणाली.

“बाजा आणाले. गाद्या हायेत, रांधाचे मोठे गंज हायेत. आन न्हाणीत एकच नळ हाय म्हणे, दुसरा बसवाव लागंल. पन्नास माणूस येऊन राह्यलं तिकडून.”

वहिनीने कप खाली ठेवला. “जानोसा इथं हाय?”

तो तिच्याकडे बघतच राहिला, जणू तिने भलतंच काही विचारलं. “मंग कुठं राहीन?”

“चिखलीले करता म्हणे तुम्ही. मले तं कोणी इचारलं नाही.”

“लगन चिखलीले. जानोसा आम्ही गावातच ठेवला ना.” मग त्याला खरंच नवल वाटलं. “आन इचाराचं काय त्याच्यात, बाई? चूलबंद जेवलो ना आम्ही इथं. आता आपल्याच घरात कोणाले इचाराव?”

वहिनीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ही रडणार, आणि मी आधीच रडत होते. पण पदर खाली आला तेव्हा ती चिडलेली होती. “आन हे तू आज सांगतं? लगन तोंडावर आलं आन आज? पोरीचा बाप हाय का कोण हाय तू?” ती त्याला ‘तू’ म्हणाली. तो निमूट उभा राहून ऐकत होता. मग ती काठी टाकून सरळ कुंडीकडे गेली आणि एवढी जड कुंडी एकटी ओढायला लागली.

भाचा धावला. त्याने दुसऱ्या बाजूने कुंडी धरली, दोघांनी ती भिंतीशी सरकवली, मग दुसरी, मग तिसरी. हाताची माती पँटला पुसून त्याने फोन काढला आणि चौकाच्या मधोमध उभा राहून हॉटेलवाल्याला म्हणाला, “साहेब, येऊ नका. नाही, नंतर पण नको. आमच्या घरी लग्न आहे.”